उन्हाचा रकाना

छापील फॉर्मात रकाने आहेत:
नाव, वय, वजन, खोकला किती आठवडे,
घरात माणसं किती, आधी कुणाला होता का.
ऊन किती, असा रकाना नाही.
तो मी पट्टीनं आखलाय, शेवटी, समासात.
पेन्सिलीनं, म्हणजे वरून कुणी तपासायला आलं
तर खोडता येईल.

मानखुर्द. इमारत एकोणीस, ब विंग.
लिफ्ट म्हणे उद्घाटनाच्या वर्षी चालली होती.
सातव्यावर मेहरुन्निसाच्या घरी
सव्वानऊ ते साडेदहा, थेट ओट्यापर्यंत.
पाचव्यावर सेल्वीकडे वीस मिनिटं,
तीही मे महिन्यात.
तिसऱ्यावर गजांना शिवून जातं
दार न वाजवता परत गेलेल्या पोस्टमनसारखं.
दुसऱ्यावर मी शून्य लिहिते.
पहिल्यावर शून्यही नाही, नुसती रेघ.

माझे पेशंटही तसेच, खाली खाली दाट होत जातात,
चहाच्या चोथ्यासारखे.

समोर इमारत वीस. इतकी समोर
की झाडूच्या दांड्याला अडकवून
कढीपत्ता देताघेता येतो.
खालच्या फटीत डायपर, कोंबडीची पिसं,
फुटक्या पाइपाचं न आटणारं पाणी.
म्हणून खिडक्या बंद. वासामुळे, घुशींमुळे,
आणि घरात मुलींना कपडे बदलायचे असतात म्हणूनही.
मी म्हणते, उघड्या ठेवा, हवा खेळू द्या.
इथं कुठं खेळणार, ताई, यशोधर म्हणाला,
तिलापण ग्राउंड लागतं.

यशोधर साळवे. एकवीस वर्षं, अडतीस किलो, दुसरा मजला.
त्याची आई आधी नाल्याकाठी राहायची, पत्र्याखाली.
म्हणते, तिथं पाणी शिरायचं, पण पापड वाळायचे.
इथं घरात नळ आहे, संडास आहे, खोटं कशाला बोलू.
फक्त ओला टॉवेल तीन दिवस ओला.
आम्ही मोर्चात पक्कं घर मागितलं, बाई.
ऊन द्या म्हणायचं सुचलंच नाही.
ऊन काय मागायची गोष्ट आहे?

गोळ्या सुरू झाल्या आणि तो धावत आला, घाबरून,
लघवी नारिंगी होतेय.
म्हटलं, औषधाचा रंग आहे, होतं तसं.
रात्री भांडी घासताना आठवलं:
त्या घरात तेवढी एकच गोष्ट
सकाळच्या रंगाची होती.

कुणीतरी हा नकाशा काढला असेल.
वाईट नसेल माणूस. त्याच्या टेबलाला खिडकी असेल.
दोन चौकोनांमधली रेघ जराशी अलीकडे ओढली
की आणखी चाळीस घरं बसतात,
आणि कागदावर ते असतं काही मिलिमीटरच.
भेटला तर भांडणार नाही.
विचारेन फक्त, तेवढ्या जागेत
एक खोकला किती वेळ राहतो?

परवा गेले तर खिडकीच्या फळीवर
उजेडाचा एक तुकडा. थरथरत होता.
समोरच्या गच्चीवर धाकटा सुगत, सहावीतला,
रिक्षाचा निखळलेला आरसा घेऊन
पाण्याच्या टाकीवर चढलेला.
"डावीकडं! अरे उशीवर, उशीवर!" आई ओरडत होती.
तुकडा उशीवर आला, घसरला, पुन्हा आला.
यशोधरनं तळहात पुढं केला, वाटीसारखा,
रोज गोळी घेताना करतो तसाच.

एवढ्याशानं काही होत नाही.
मला माहीत आहे, ट्रेनिंगला पाच दिवस बसलेय मी.
बोलले नाही.
खिडकीतून ओरडले, पडशील मेल्या, उतर खाली!
तो म्हणाला, थांबा, अजून ढग कुठं आलाय.

जिन्यात उभं राहून वही उघडली.
शून्यावर काट मारली.
सात मिनिटं, आणणार: सुगत.
पेन्सिल पिशवीत तळाशी गेली होती.
पेनानंच लिहिलं.